उन्हाळी शिबिरात बासरी शिकवताय? मग आधी ती पुसायला शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्च उजाडला की तुमच्या पेपरात उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती सुरू होतात, स्विमिंग, चेस, अबॅकस, संस्कार वर्ग आणि आता गेली काही वर्षं त्यात बासरी पण असते. मला त्याचा मनापासून आनंद आहे कारण मी स्वतः नागपुरात बासरी शिकवतो. मुलं बासरी घेतात, महिनाभर फुंकतात, काहींना खरंच गोडी लागते. पण जूनमध्ये शाळा उघडल्या की पालक माझ्याकडे यायला लागतात, पिशवीतून बासरी काढतात आणि म्हणतात, सर, हिला बघा ना काय झालं, आवाजच निघत नाही. बघितलं तर बासरी फुंकायच्या भोकापासून उभी तडकलेली, नाहीतर आतून काळी बुरशी धरलेली, नाहीतर कोणीतरी सांगितलं म्हणून मोहरीचं तेल एवढं ओतलेलं की आतलं बूचच जागचं हललेलं. शिबिरात याबद्दल काही सांगितलं होतं का असं विचारलं तर नाही म्हणतात, तिथे सा रे ग म झालं आणि शेवटच्या दिवशी एक प्रार्थना बसवली. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, पण शक्यतो पूर्ण छापावं ही विनंती.

बासरीची मोठी अडचण ही की तिला दुरुस्त करणारा माणूस गावात नसतो. तबल्याची पुडी गेली तर तबलेवाला आहे, पेटीचा भाता फाटला तर पेटीवाला आहे, सतार-तानपुऱ्यासाठी तर आपल्याकडे अख्खं मिरज आहे, तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन पण मिळालं. बासरीला यातलं काही नाही. चांगल्या बासऱ्या येतात उत्तर प्रदेशातल्या पिलीभीतहून नाहीतर मुंबई-दिल्लीच्या मोजक्या कारागिरांकडून, आणि पिलीभीतवाले पण बांबू आणतात तो आसाममधून, सिलचरच्या बाजूचा. लोक मला विचारतात की गडचिरोली-चंद्रपूरला एवढा बांबू आहे मग तिकडून कशाला, तर आपला मानवेल हा भरीव नाहीतर जाड भिंतीचा असतो, त्याच्या काठ्या आणि टोपल्या उत्तम होतात पण बासरीला पातळ भिंतीचा, आतून मोकळा आणि दोन गाठींच्या मधलं कांडं चांगलं लांब असलेला बांबू लागतो. मैफलीत आपण जी लांब, खालच्या सुराची बासरी बघतो ती पन्नालाल घोषांमुळे (१९११-१९६०) शास्त्रीय संगीतात आली. त्यांनी वेगवेगळ्या मटेरियलच्या नळ्या करून बघितल्या आणि शेवटी बांबूच धरला, लांबी बत्तीस इंचांच्या आसपास. एवढं लांब, सरळ, मधे गाठ नसलेलं, सारख्या जाडीचं कांडं शोधायचं, ते सावलीत वर्ष-वर्ष मुरू द्यायचं, तापलेल्या सळईने भोकं पाडायची, एकेक भोक सुरात आणायचं, इतकं सगळं करून ती बासरी तुमच्या हातात येते आणि नागपूरच्या एका मे महिन्यात तडकून जाते. मला खरंच वाईट वाटतं.

तडकते का ते सांगतो, कारण कारण कळलं की बाकीचं लक्षात ठेवावं लागत नाही. बांबूचे सगळे तंतू उभे असतात. लाकडात जशा आडव्या किरणपेशी असतात तशा बांबूत नसतात, आडवं बांधून ठेवण्याचं काम गाठ करते, आणि बासरीसाठी आपण नेमका गाठी वगळून मधला भाग घेतो. म्हणजे बासरी ही उभी फाटायला तयार असलेली नळी आहे. आता वाजवताना काय होतं, तोंडातली गरम ओली वाफ आत जाते, आतली भिंत ओलावा पिते आणि फुगते, बाहेरची बाजू मात्र कोरड्या हवेत आकसते. हा ताण बसतो आणि जिथे बांबू आधीच कापलेला आहे, म्हणजे फुंकायच्या भोकाजवळ, तिथून चीर सुटते. आमच्याकडे यात अजून एक भर म्हणजे कूलर. दुपारभर खोलीत कूलरची ओली गार हवा, बासरी त्या हवेत मस्त ओलावा पिऊन बसलेली, आणि मग पाच वाजता मुलगा ती बॅगेतून अर्धी बाहेर काढून सायकलवर क्लासला निघतो, बाहेर ४५ डिग्री आणि हवा कोरडी ठणठणीत. मुंबई-कोकणातल्या बासऱ्या उन्हाळ्यात एवढ्या तडकत नाहीत, तिकडे पावसाळ्यात बुरशीचा त्रास जास्त. म्हणून कोणी व्हिडिओत सांगितलेलं सगळं सगळीकडे लागू पडत नाही, आपल्या गावची हवा बघायची.

आता मुख्य गोष्ट, आणि या पत्रातली हीच एक गोष्ट शिबिरवाल्यांनी उचलली तरी माझं काम झालं. वाजवून झालं की बासरी आतून पुसायची. रोज, प्रत्येक वेळी. त्यासाठी महाग काही लागत नाही. जुन्या धोतराचं नाहीतर पंचाचं मऊ झालेलं सुती कापड घ्या, चार बोटं रुंद आणि बासरीपेक्षा थोडी लांब पट्टी फाडा, सुटे धागे काढून टाका. एक बांबूची कामटी घ्या, तिचं टोक घासून गोल करा, टोकावर कापड असं गुंडाळा की लाकूड कुठेच उघडं राहणार नाही. लोखंडी सळई किंवा छत्रीची काडी वापरू नका, आत ओरखडे जातात. मग उघड्या टोकाकडून कामटी हळूहळू आत सारायची, गोल फिरवत फिरवत, आणि बूच लागतंय असं वाटलं की थांबायचं. ठोकायचं नाही. हे बूच फुंकायच्या भोकाच्या पलीकडे बसवलेलं असतं आणि ते दोन-तीन मिलिमीटर जरी सरकलं तरी खालचं आणि वरचं सप्तक एकमेकांशी जुळत नाही, मग मुलगा म्हणतो वरचा सा बेसूर येतोय आणि सर म्हणतात रियाज कर. कापड बाहेर काढलं की ते ओलसर असतं, मुलांना ते दाखवा, एवढं पाणी रोज आत राहतं हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं की परत सांगावं लागत नाही. पुसल्यावर बासरी लगेच पिशवीत घालायची नाही, सावलीत, पंख्याच्या थेट झोतात नाही अशा जागी अर्धा तास तशीच ठेवायची आणि मग आत घालायची.

फुंकायच्या भोकाची कड वेगळी सांभाळावी लागते. सूर तिथेच तयार होतो, हवेचा झोत त्या कडेवर आपटून दोन्हीकडे फुटतो म्हणून बासरी वाजते. त्या कडेवर लाळेचा, ओठांना लावलेल्या व्हॅसलीनचा थर बसतो, तो किंचित ओल्या मऊ कापडाने बोटावर घेऊन पुसायचा. सेफ्टी पिन, ब्लेड, कानस, यातलं काहीही त्या कडेजवळ न्यायचं नाही, कड एकदा गोलावली की आवाज फसफसतो आणि ती परत करता येत नाही. वाजवायच्या आधी चूळ भरायची. हे मी लहानांना सांगतोच पण मोठ्यांना जास्त सांगावं लागतं, खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाऊन बासरी तोंडाला लावणारे आमच्याकडे कमी नाहीत, आणि मुलं बर्फाचा गोळा खाऊन तशीच वाजवायला बसतात, ती साखर आत जाऊन बसते आणि मग मुंग्या, बुरशी सगळं येतं. एकमेकांची बासरी तोंडाला लावायची नाही हा नियम तर कोरोनानंतर सगळ्यांनी पाळायला हवा होता, पण शिबिरात वीस मुलांत पाच बासऱ्या फिरतात हे मी बघितलंय. फिरवायचीच वेळ आली तर निदान मधे ती कड स्पिरिटच्या बोळ्याने हलकेच पुसा, भरपूर स्पिरिट लावलं तर वरचं पॉलिश जातं.

तेलाबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात आणि सगळ्यात जास्त नुकसान पण तिथेच होतं. तेल म्हणजे बासरीचं खाणं नाही, ते फक्त ओलावा आत-बाहेर जाण्याचा वेग कमी करतं, एवढंच त्याचं काम. त्यामुळे पातळ थर पुरतो. वर्षातून दोनदा, एकदा उन्हाळा लागायच्या आधी होळीच्या सुमारास आणि एकदा पाऊस पूर्ण संपल्यावर, कामटीच्या कापडावर चार-पाच थेंब घेऊन आतून फिरवायचे, बुचापासून आणि फुंकायच्या भोकाच्या कडेपासून लांब राहायचं, रात्रभर उभी ठेवायची आणि सकाळी कोरड्या कापडाने जास्तीचं सगळं पुसून घ्यायचं. भर पावसाळ्यात तेल लावायचं नाही. बासरी आधी पूर्ण कोरडी हवी, ओल्या बासरीला तेल लावलं की ओल आत कोंडते. कुठलं तेल? जुने लोक मोहरीचं लावतात, ते चालतं पण जास्त झालं तर काही महिन्यांनी चिकट होतं आणि त्यावर धूळ बसते. खोबरेल आमच्याकडे हिवाळ्यात गोठतं, २४-२५ डिग्रीच्या खाली गेलं की घट्ट होतं, ते आत पांढरं साकळून बसलेलं मी पाहिलंय. मला विचाराल तर जवसाचं तेल, आपल्या विदर्भात घाण्यावर चांगलं मिळतं, ते हवेत सुकून पातळ कडक पापुद्रा धरतं त्यामुळे चिकटपणा राहत नाही, फक्त सुकायला बरेच दिवस लागतात, तेवढे दिवस बासरी वाजवायची नाही. पण दोन गोष्टी नीट वाचा. रंगाच्या दुकानात जवसाचं जे बॉइल्ड तेल मिळतं ते घेऊ नका, त्यात लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात आणि ही वस्तू तोंडाला लावायची आहे. आणि जवसाच्या तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती सुकताना गरम होते आणि आपोआप पेट घेऊ शकते, उघडी पसरून बाहेर वाळत घाला आणि मगच फेका. मुलांच्या हातात हे काम देऊच नका.

दोऱ्याकडे कोणी बघत नाही. बासरीवर जागोजागी जो रंगीत दोरा गुंडाळलेला असतो तो लोकांना डेकोरेशन वाटतो, खरं तर जे आडवं बांधायचं काम गाठ करायची ते आता हा दोरा करतो. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा अंगठ्याने दोरा ढकलून बघा. सरकला तर समजा बांबू सुकून आकसलाय आणि तडा जायच्या बेतात आहे. तेव्हाच तो काढून नवा नायलॉनचा दोरा ताणून, वेढ्याला वेढा चिकटवून गुंडाळायचा, दोऱ्याचं टोक आतल्या आत अडकवायची पद्धत पतंगाच्या मांज्याशी खेळलेल्या कुठल्याही मुलाला दोन मिनिटांत जमते.

तरी तडा गेलाच तर घाबरून फेकून देऊ नका. सगळी सहा भोकं बंद करून खालचा प वाजवून बघा, बारीक तडा असला तर सगळ्यात आधी तोच सूर जातो, वरचे सूर मात्र येत राहतात म्हणून मुलाला वाटतं आपल्यालाच खालचा प जमत नाही. मोबाइलचा टॉर्च उघड्या टोकाकडून आत मारा आणि अंधारात बाहेरून बघा, प्रकाशाची रेघ दिसते. चीर केसासारखी बारीक आणि बोटांच्या भोकांपासून लांब असेल तर बासरी पूर्ण सुकू द्या, चिरेच्या दोन्ही टोकांना आधी दोरा घट्ट बांधा, मग चिरेत फेविक्विकचा एकेक थेंब सोडा, बोट लावू नका, वाळलं की बारीक पॉलिश पेपरने वरचं घासून घ्या आणि वरून पूर्ण दोरा गुंडाळा. तेल लावलेल्या चिरेत गोंद धरत नाही, म्हणून तडा दिसला की लोक आधी तेल ओततात ते एकदम चूक. फुंकायच्या भोकातूनच चीर गेली असेल तर मात्र कारागिराकडेच पाठवा.

अजून एक प्रकार दर हिवाळ्यात आणि दर उन्हाळ्यात होतो. ट्यूनर ॲप लावून बघतात आणि म्हणतात बासरी बेसूर झाली, आणि मग कोणीतरी कानस घेऊन भोकं मोठी करून देतो. अहो, हवा दहा डिग्रीने तापली की बासरीचा सूर जवळपास तीस सेंट चढतो, म्हणजे सा आणि कोमल रे मधल्या अंतराचा जवळपास तिसरा हिस्सा. जानेवारीतल्या सकाळी उतरलेली आणि मे महिन्यात चढलेली बासरी बिघडलेली नसते, हवाच बदललेली असते. थंडीत वाजवायच्या आधी सगळी भोकं बंद करून दोन-तीन मिनिटं आत हळूच कोमट श्वास सोडा, सूर जागेवर येतो आणि आत एकदम पाणी पण धरत नाही. भोक एकदा मोठं केलं की मेण लावत बसण्याशिवाय इलाज नाही.

ठेवायचं म्हणाल तर बहुतेक विद्यार्थी प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप कापून त्याला दोन्हीकडे झाकण लावून केस करतात. मार लागू नये म्हणून ते उत्तम आहे, मी पण हेच सांगतो, पण त्या पाइपला चार-सहा बारीक भोकं पाडा आणि आत सुती कापडाची पिशवी घाला, नाहीतर ओली बासरी बंद पाइपात उकडते आणि बुरशी येते. उभ्या गाडीत ठेवू नका, डॅशबोर्डवर तर नाहीच. डांबराच्या गोळ्या घालू नका, तो वास पुढे आपल्याच श्वासात येतो. आणि बासरीजवळ मैद्यासारखी बारीक पिवळसर पूड पडलेली दिसली आणि बांबूला टाचणीएवढी गोल छिद्रं असतील तर भुंगेरा लागलाय, ती बासरी ताबडतोब बाकीच्यांपासून वेगळी करा, तो एका बासरीत थांबत नाही.

आता मागण्या. शिबिर घेणाऱ्यांनी पहिल्या दिवशीची वीस मिनिटं फक्त पुसण्याला आणि ठेवण्याला द्यावी, आणि फीमध्येच प्रत्येक मुलाला कापड आणि कामटी द्यावी, त्याला खर्च असा काहीच नाही. वाद्यांच्या दुकानदारांना विनंती की बासऱ्या रस्त्याच्या बाजूला, उन्हात लटकवू नका, तुमच्याकडेच ती अर्धी सुकून गेलेली असते आणि गिऱ्हाईकाकडे गेल्यावर आठ दिवसांत तडकते. संगीताच्या परीक्षांमध्ये वाद्याच्या भागांची माहिती विचारतात, तिथे वाद्याची निगा कशी राखाल असाही एक प्रश्न बासरीच्या प्रात्यक्षिकात यावा, परीक्षकांनी नुसती बासरी हातात घेऊन आत बघितलं तरी मुलं पुसायला लागतील. आणि गावोगावचे जे तबलेवाले आहेत त्यांना मी हात जोडून सांगतो, तुमचा हात वादी ताणायला तयार आहे, बासरीचा दोरा बांधायचं काम तुम्ही अंगावर घ्या, जूनमध्ये रांग लागेल. माझ्याकडे कोणी शिकायला आलं तर मी ते फुकट शिकवीन.

तुम्हाला एवढंच सांगणं की शिबिरांच्या जाहिरातींचं पान लागेल त्याच आठवड्यात हे पत्र घ्या, एप्रिल उलटून गेल्यावर छापलं तर या वर्षीच्या बासऱ्यांना त्याचा उपयोग नाही. जागा कमी पडली तर बाकीचं कापा, पण पुसण्याचा आणि जवसाच्या चिंधीचा भाग कापू नका.

आपला,
एक बासरी शिक्षक, नागपूर